मंत्रीसाहेब, मुदत संपायच्या आधीच दंड कसला?

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
पुणे, 28 जून 2024

साहेब नमस्कार, माझं छोटं पोळीभाजी केंद्र आहे, वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत, त्यामुळे आम्हाला मोठं लायसन लागत नाही, नुसती फूडची नोंदणी, वर्षाला 100 रुपये. 2019 ला पाच वर्षांचे 500 एकदम भरले नि सर्टिफिकेट फ्रेम करून गॅसजवळच्या भिंतीवर टांगलं, ते तेलकट होऊन पिवळं पडलं पण तारीख वाचता येत होती, म्हणून मुदत संपायला 11 दिवस असताना नेट कॅफेत जाऊन रिन्यूचा अर्ज भरायला बसले. वाटलं वेळेत आलो. तर स्क्रीनवर 1900 रुपये लेट फी!

का, तर म्हणे अर्ज मुदतीच्या 30 दिवस आधी पाहिजे, त्यानंतर रोजचे 100. म्हणजे वर्षाची फी तेवढा एका दिवसाचा दंड, तोही नोंदणी चालू असताना बरं का! माझ्याकडे पोळी 10 रुपयाला, करा हिशोब.

आता गंमत बघा. आमच्या कोपऱ्यावर मेडिकल आहे, त्याचं लायसनपण तुमच्याच खात्याकडून. 2017 पासून त्यांना रिन्यूची भानगडच नाही, दर पाच वर्षांनी फक्त फी भरायची, किरकोळवाल्याची दोन लायसन मिळून 3000, आणि उशीर झालाच तर महिन्याला 2 टक्के, म्हणजे 60 रुपये. सहा महिन्यांपर्यंत तसं चालतं. मेडिकलवाल्यावर राग नाही माझा, भला माणूस आहे, डबा आमच्याकडूनच नेतो. पण त्याला महिन्याचे 60 आणि पोळ्या लाटणारीला रोजचे 100 धरून महिन्याचे 3000?

ऑफिसात विचारलं तर म्हणे नियम दिल्लीचा. खरंय, पण औषधाचा नियमही दिल्लीचाच ना, तिथे जमलं मग इथे काय अडलं? तुम्ही एफएसएसएआयला, म्हणजे दिल्लीच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला, लिहिलंत तर कोणीतरी वाचेल, माझं पत्र कोण उघडणार. दंड मुदत संपल्यावर सुरू करा आणि फीच्या टक्क्यात घ्या, एवढंच लिहा.

आठवणीचा मेसेज मला आला नाही, कारण 2019 ला एजंटने फॉर्मवर स्वतःचाच नंबर टाकलेला, ती चूक माझी, बघायला पाहिजे होतं. 1900 भरलेत, ते परत मागत नाहीये. यावेळी नंबर माझा टाकलाय.

आपली,
एक पोळीभाजी केंद्रवाली