लगच्या पुढची फट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रायफलच्या रिकॉइल लगचे (नळीमागच्या यंत्रणेखालचा, धक्का दस्त्यावर देणारा पोलादी ठोकळा) घरच्या घरी बेडिंग, म्हणजे लाकडी दस्त्याच्या खाचेत इपॉक्सी भरून त्याची बैठक पक्की करणे, कसे करावे, हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. काही नजरेतून सुटले असेल म्हणून सोमवारी पुन्हा वाचला. सुटले नव्हते. इपॉक्सी कोणते, किती वेळात घट्ट होते, सगळे आहे. पण ॲक्शनला, म्हणजे नळीमागच्या त्या पोलादी यंत्रणेला, आधी रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप), तो नसेल तर निदान बुटाचे मेणाचे पॉलिश, चोपडायचे असते हे एका शब्दाने सांगितलेले नाही.

हे विसरल्यावर काय होते ते मी पाहिले आहे. १९९१ च्या मे महिन्यात वडिलांची माउझर घडणीची .३०-०६ रायफल मी शहरातल्या एका दुकानात बेडिंगला दिली. कारागिराने लगच्या खाचेत अराल्डाइट भरले, ॲक्शन बसवली, स्क्रू आवळले. दुसऱ्या दिवशी ॲक्शन निघेना. स्क्रूच्या भोकांत खेळायची माती भरून ती बंद करायची असतात, तीही केली नव्हती. इपॉक्सी तिथवर उतरून दगड झाले होते. रायफल रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवली असती तर पोलाद आकसून बहुधा सुटली असती. त्याने हातोडा घातला. अक्रोडाचा दस्ता ॲक्शनच्या शेपटीपासून मुठीपर्यंत तडकला. वडिलांनी पुढे पितळी पट्टी आणि चार स्क्रू लावून तो सांधला. ती पट्टी आजही माझ्या तळहाताला लागते.

लेखातली दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते. गोळी पुढे जाते, रायफल मागे येते, आणि तो धक्का लगच्या फक्त मागच्या अंगाने दस्त्यावर जायचा असतो. म्हणून लगच्या पुढे, दोन्ही बाजूंना आणि खाली टेपचे एक-दोन थर लावून मगच ॲक्शन इपॉक्सीत बसवतात. नंतर टेप काढली की तेवढी फट राहते. फट नसेल तर पुढच्या वेळी ॲक्शन बसवताना इपॉक्सी खरवडून कीस लगखाली जातो, ॲक्शन केसभर उचलली जाते आणि ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या गोळ्यांच्या खुणांचा पुंजका, पुन्हा पसरतो. तुमच्या छायाचित्रातला लग चारी बाजूंनी माखलेला आहे!

‘प्रत्येक बोल्ट ॲक्शनला लग असतो’ हे लेखातले वाक्यही चुकीचे. (बोल्ट ॲक्शन म्हणजे हाताने दांडी मागेपुढे करून गोळी भरायची रायफल.) ईशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल घ्या, आपल्याकडे परवानाधारकांच्या घरी ती सर्रास दिसते. ती ली-एन्फिल्डच्या घडणीची. तिला माउझरसारखा लग नाही. तिचा धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाशी असलेल्या दोन खांद्यांवर जातो. हा लेख वाचून ती उघडणारा माणूस नसलेला लग शोधत लाकूड कोरेल.

शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ मध्ये ‘दुरुस्ती’ हा शब्द आहे. ‘घरच्या घरी’ असा मथळा देण्यापूर्वी ते कलम कुणीतरी वाचायला हवे होते. काम परवाना असलेल्या कारागिराकडेच द्यावे, पण मालकाने समोर बसून पॉलिश लागले का, टेप लागली का, हे स्वतः पाहावे. मी १९९१ मध्ये पाहिले नाही.

लिहितोच आहे तर आणखी एक. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली, निकाल ४ जूनला. मधला नागपूरचा सगळा उन्हाळा माझी रायफल जमा होऊन पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून होती. परत मिळाली तेव्हा लाकूड इतके सुकले होते की पुढचा ॲक्शन स्क्रू नुसत्या बोटांनी फिरत होता. लाकडी दस्त्याची हत्यारे जमा करून घेताना ती सावलीच्या, थंड खोलीत ठेवावीत, एवढे तरी व्हावे. यावर तुमच्या वार्ताहराने लिहावे.

लेखाची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी ही विनंती. आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको.

आपला,
एक जुना वाचक, धरमपेठ, नागपूर