देवळाचा आड

सोलापूर,
रविवार सकाळ

प्रिय गड्या,

सलाम. तुझ्या आजोबांनी शिकवलेला आहे, नमस्काराच्या आधी तोंडात तोच येतो.

काय बे, फोनवर किती सहज म्हणालास, ‘जमलं तर आपल्या देवळाचा एक फोटो काढून पाठव, नातीला दाखवतो.’ मीही ‘पाठवतो की’ म्हणून मोकळा झालो. फोटो सोबत आहे. त्यात एक चारचाकी, दोन मोटारसायकली आणि गच्चीवरच्या टाकीतून खाली उतरलेला पाण्याचा पाइप दिसेल. चिडू नकोस, आधी पत्र वाच.

गेल्या रविवारी मुरारजी पेठेकडून आपल्या बोळात शिरलो. वाटलं होतं, डोळे झाकूनही जाईन. पण वाडे जाऊन तीन-तीन मजली इमारती उभ्या आहेत, आणि लिंबाचं झाडही नाही, त्यामुळं कुठं थांबायचं तेच कळेना. आपलं देऊळ म्हटलं तर कळणार नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या पानवाल्याला चर्च विचारलं तर त्यानं मला मोठ्या रस्त्यावरच्या चर्चचा पत्ता दिला. पोराचं वय तीसही नसेल, त्याचं काय चुकलं? पुढं इस्त्रीवाला भेटला. तो म्हणाला, ‘चर्चबिर्च काय नव्हतं काका. आड होता म्हणतात इथं कुठंतरी.’

आड होता, देऊळ नव्हतं! मला हसू आलं, आणि मग थोडा रागही आला.

शेवटी अक्का सापडली. तीच, पद्मशाल्यांची, तिच्या ओट्यावर आपण गोट्या खेळायचो. ऐंशीच्या पुढं गेली असेल. मांडीवर सूप, सुपात पानं न् तंबाखू, बोटं अजून तशीच चालतात. मी कोण ते सांगितल्यावर विडीचा दोरा दातानं तोडत म्हणाली, ‘चर्च म्हणू नको रे, देऊळ म्हण. आडाचं देऊळ.’ मग सूप बाजूला ठेवून उठली आणि मला हाताला धरून त्या पार्किंगमध्ये नेऊन उभं केलं. रखवालदार काहीतरी म्हणत होता, तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

१९७२ साल तुलाही आठवत असेल, पण तू घंटेच्या बाजूनं बघितलंस, मी रांगेच्या बाजूनं. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याच्या भाकरीला चव नसायची. बोळातला नळ आधी दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, आणि पुढं नुसता हवा सोडायचा. देवळामागच्या आडाला मात्र पाणी होतं. मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे देवळाच्या पंचांनी, बैठक घेऊन ठरवलं की आड सगळ्यांना खुला, घरटी दोन घागरी. तोवर तो आड तुमचा होता. आमच्या आळीतलं कोणी त्याच्या काठालाही हात लावत नसे, आणि का लावत नसे ते तुला सांगायची गरज नाही. मिशनवाले आले, बाप्तिस्मे झाले, पण तुमच्या पणजोबांची जात बोळ काही विसरला नव्हता.

आमच्या आजीचं सांगतो. पहिले आठ दिवस तिनं ते पाणी न्हाणीत वेगळ्या हंड्यात ठेवलं, भांड्यांना आणि संडासाला. पिण्यासाठी वडील लांबून सायकलला दोन डबे लटकवून पाणी आणायचे. नवव्या दिवशी सायकल पंक्चर झाली. दुपारी आजी माझ्यादेखत न्हाणीत गेली, त्या हंड्यातलं पाणी तांब्यात घेतलं, आणि उभ्यानंच घटाघटा प्यायली. मला म्हणाली, ‘बोलू नको कुणाला.’ हे मी आज पहिल्यांदा तुला लिहितोय.

रविवारचं तर काय विचारतोस. पहिल्या घंटेपर्यंत रहाट चालायचा. दुसरी घंटा झाली की तुझे आजोबा दोर काढून घ्यायचे, उपासना संपेपर्यंत पाणी बंद. बायका घागरी पायाशी ठेवून तिथंच बसायच्या, नंबर जाईल म्हणून घरी कोण जातंय? आत पेटी आणि तबला, अभंगाच्या चालीवरची भजनं. अक्कानं मला त्या पार्किंगमध्ये, मोटारसायकलच्या सीटवर हात टेकून, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. मध्ये दोन ठिकाणी तेलुगू शब्द घुसले, पण एक ओळ चुकली नाही. म्हटलं, अक्का, आत कधी गेली होतीस का? म्हणे, ‘आत कशाला? पाणी बाहेर होतं.’

हंगामाच्या सणाचा लिलाव तिलाही आठवतो. एक भोपळा कोणी पाच रुपयाला घ्यायचा, पुन्हा देवळालाच द्यायचा, पुन्हा बोली. त्या भोपळ्याचे शेवटी किती झाले होते रे? आपण दोघं खिडकीच्या गजाला लटकून मोजत होतो. आणि दारावरची पाटी! १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यानंतर पाटीवर नवं नाव आलं. पण रंगाऱ्यानं जुनी अक्षरं नीट खरवडलीच नव्हती. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की खालचं ‘अमेरिकन’ वर डोकवायचं. तुझे आजोबा म्हणायचे, ‘पाहुणा जातो जातो म्हणतो, पण जोडे दारातच.’

पडलं कसं, ते तू नाशिकला असल्यामुळं तुकड्यातुकड्यानं ऐकलं असशील. ३० सप्टेंबर १९९३. विसर्जन आटोपून लोक नुकते आडवे झाले होते, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारीत जे झालं त्यापुढं आपल्या बोळाचं दुःख सांगायलाही लाज वाटते, इथं फळीवरची भांडी पडली आणि दोन-चार मडकी फुटली एवढंच. पण देवळाच्या मागच्या भिंतीला, कौलाखालच्या त्रिकोणात, हात जाईल एवढी भेग पडली. पाळकांनी आत बसायला मनाई केली. मंडळी मोठ्या देवळात जाऊ लागली. गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडत होते, घरं रिकामी होत होती, दुरुस्तीला पैसा कोण देणार? दोन पावसाळ्यांत कौलं खाली आली. घंटेचं तीन जण तीन सांगतात, म्हणून ते लिहीत नाही.

आता खरी गोष्ट. जागा साफ करताना दगडमाती लांब टाकायला ट्रॅक्टरचं भाडं पडत होतं. अक्कानं ओट्यावर बसून सगळं बघितलंय. दोन दिवस त्यांनी भिंतींचे दगड, कौलांचे तुकडे, चुना, खिडक्यांच्या चौकटी, सगळं आडात लोटलं. आड भरला, वर मुरूम टाकला, रोलर फिरवला. म्हणजे देऊळ कुठं गेलेलंच नाही, आपल्याच आडात आहे. फोटोतल्या त्या पांढऱ्या गाडीच्या खाली. आणि गंमत बघ, त्या इमारतीला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मधल्या दिवसांत टँकर.

आडाच्या काठाचा एक दगड तेवढा वाचलाय. अक्काच्या मोरीत आहे, त्यावर ती कपडे धुते. दोरानं पडलेल्या खाचा आहेत, अकरा मोजल्या. एका खाचेत माझं मधलं बोट पेरापर्यंत बसलं. तुझ्यासाठी मागितला तर म्हणाली, ‘मी मेल्यावर ने.’

आणखी एक राहिलं. तो पितळी पोहरा. त्या मे महिन्यात संध्याकाळी आडात पडला, तुझ्या आजोबांनी दोन दिवस गळ टाकला, वर दुसऱ्यांच्या तीन बादल्या आल्या पण तो आला नाही. तुला वेताच्या छडीनं मारलं, बोळभर ऐकू आलं. गाठ मी मारली होती. सैल मारली होती, आणि पोहरा खाली गेल्याचा आवाज आल्याबरोबर मी पळालो. तू माझं नाव घेतलं नाहीस. मी ताप आल्याचं सांगून आठ दिवस तुमच्या घरी आलो नाही, पण खरं कारण ताप नव्हतं.

एक भांडण तेवढं तू सोडव. अक्का म्हणते, देवळाचं दार बोळाकडं होतं. मला ते लिंबाकडं आठवतं. वहीच्या कागदावर जागेचा नकाशा काढून सोबत ठेवलाय, आड आणि लिंब दाखवलेत. दार तेवढं तू काढ आणि कागद परत धाड.

तुझाच,
भिंतीपलीकडचा