पहिली दहा मिनिटं बीट मार्शलच्या हातात असतात

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

नाशिकमधल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात मी सिस्टर आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर, सिन्नर रोडला किंवा त्र्यंबकच्या रस्त्यावर अपघात झाला की पेशंट आमच्याकडे येतात, आणि त्यांच्यासोबत बऱ्याचदा खाकी वर्दीतला कुणीतरी असतो. 108 रुग्णवाहिकेची वाट बघत बसायला त्याचा जीव धजत नाही. हाताला येईल त्या गाडीत जखमीला घालून तो आणतो. त्याच्या धावपळीबद्दल मला आदर आहे आणि त्याला प्रथमोपचारांचा नियमित सराव मिळावा म्हणून हे पत्र त्याच्याच बाजूनं लिहितेय.

एका रात्री दोन पोलिसांनी एका तरुणाला आणलं. मांडीला खोल जखम होती, रक्त थांबत नव्हतं. एकानं हात धरले होते, दुसऱ्यानं पाय, आणि मान मागे लोंबकळत होती. आम्ही त्याला आत घेतलं, पुढे तो वाचलाही. मी बाहेर आले तेव्हा त्यातला धाकटा शिपाई भिंतीशी उभा होता. शर्ट रक्तानं माखलेला, पण मुठीतला रुमाल कोरडा. मला म्हणाला, "सिस्टर, रुमाल होता हो माझ्याकडे. पण जखम दाबून धरायची असते हे कुणी सांगितलंच नाही."

साहेब, हे शिकवायला किती वेळ लागतो? जखमेवर जाड कापड ठेवायचं, दोन्ही तळहातांनी सगळा भार टाकून दाबायचं, रक्त थांबलं का हे बघायला ते उचलायचं नाही, भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. मान हलू द्यायची नाही. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा, यालाच सीपीआर म्हणतात. मोठी रक्तवाहिनी फाटली तर माणूस काही मिनिटांत जातो. हृदय बंद पडलं तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्यात डॉक्टर पोहोचणं अवघडच. पोहोचतो तो बीट मार्शल, म्हणजे मोटारसायकलवरून गस्त घालणारा पोलीस.

112 या आपत्कालीन नंबरवर फोन केला की कॉल राज्याच्या नियंत्रण केंद्रात जातो आणि जवळच्या पोलीस गाडीतल्या स्क्रीनवर पत्ता येतो. ही यंत्रणा चांगली आहे, तिचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण तिची चर्चा होते तेव्हा गाडी किती मिनिटांत पोहोचली एवढंच ऐकू येतं. पोहोचलेल्या दोघांनी पुढे नेमकं काय करायचं, त्याची उजळणी कधी झाली होती, हे कुणी विचारत नाही. शिपायाचं मूलभूत प्रशिक्षण काही महिन्यांचं असतं. त्यात प्रथमोपचार शिकवले असतील, तरी दहा-बारा वर्षं बंदोबस्त, समन्स आणि नाकाबंदी करून ते हातात उरत नाहीत. आम्हा सिस्टरांनासुद्धा सीपीआर ठरावीक काळानं पुन्हा करून दाखवावा लागतो, आणि आम्ही तर रोज याच कामात असतो.

गस्तीच्या साध्या पद्धतींचंही तेच. महामार्गावर अपघात झाला तर आपली गाडी जखमींच्या मागे, येणाऱ्या वाहनांच्या बाजूला, दिवे लावून आडवी उभी करायची, म्हणजे मदत करणाऱ्यांवर दुसरं वाहन चढत नाही. रिफ्लेक्टर जॅकेट न घालता अंधारात नाकाबंदीला उभं राहायचं नाही. नवरा-बायकोच्या भांडणाचा कॉल आला तर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत न्यायचं आणि कुणालाही स्वयंपाकघराकडे जाऊ द्यायचं नाही, तिथे सुरी असते. वायरलेसवर ठिकाण, जखमी किती, रस्ता मोकळा आहे का, एवढं पहिल्याच वाक्यात सांगायचं. यातलं काही चुकलं की पोलीसच जखमी होऊन आमच्याकडे येतात, म्हणून मला हे सांगायचा अधिकार आहे असं मी समजते.

आणि अपघातग्रस्ताला उचलून आणणाऱ्या रिक्षावाल्याला नाव-गाव विचारत अडकवून ठेवायचं नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ त्याला संरक्षण देतं. रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे कॅशलेस उपचार मिळतात, हेही गस्तीवरच्या प्रत्येकाला माहीत हवं. काउंटरवर पैशांसाठी अडून बसलेल्या घरच्यांना ते सांगणारा पहिला माणूस पोलीसच असू शकतो.

आता सिंहस्थ कुंभमेळा. 2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान, म्हणजे मुख्य पर्वस्नान आहे. नाशिककर 27 ऑगस्ट 2003 विसरलेले नाहीत. पंचवटीत, गोदावरीवरच्या रामकुंडाकडे उतरणाऱ्या सरदार चौकाच्या अरुंद रस्त्यावर त्या दिवशी 39 भाविक गेले. चेंगराचेंगरीत माणसं पायाखाली तुडवून मरतात असा समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळ जण उभ्या उभ्याच जातात. छातीवर चारही बाजूंनी दाब येतो, फासळ्या फुगायला जागा उरत नाही, श्वास बंद होतो. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की धोका सुरू होतो. लोकांना हात वर काढता येईनासा होतो, गर्दी लाटेसारखी पुढे-मागे हलू लागते, आणि पुढून आलेली किंकाळी मागच्यांना ऐकू येत नाही, ते ढकलतच राहतात. ही खूण ओळखणारा पोलीस असेल तर तो पुढच्या बॅरिकेडला टेकून लोकांना मागे लोटत बसणार नाही. तो वायरलेसवर मागचा प्रवाह थांबवायला सांगेल आणि बाजूची गल्ली मोकळी करून घेईल. पण ही खूण वर्गात बसून, फळ्यावर बघून ओळखता येत नाही, त्याच उतारावर उभं राहून ती शिकावी लागते.

त्र्यंबक रोडला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. पोलीस प्रशिक्षण शाळा 1909 मध्ये पुण्याच्या भांबुर्ड्याहून नाशिकला आली, तेव्हापासून राज्याचे फौजदार या गावात घडताहेत. त्या मैदानांपासून पंचवटी किती दूर आहे? तिथले प्रशिक्षक आणि शहरातले बीट मार्शल यांची वर्षातून दोनदा गाठ का पडू नये? सराव ड्युटीच्या तासांत धरा, साप्ताहिक सुटीवर नको. बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला सुटीच्या दिवशी बोलावलं तर तो शरीरानं येईल, पण शिकणार नाही. सरावाच्या पुतळ्याच्या छातीवर प्रत्येकानं स्वतः दाब देऊन पाहावा, खोट्या जखमेवर पट्टी दाबून पाहावी. प्रत्येक गस्ती गाडीत आणि मार्शलच्या डिकीत जाड पट्ट्या, टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा), हातमोजे आणि मानेचा पट्टा हवा. हा खर्च एका नव्या जीपच्या किमतीपुढे काहीच नाही.

सुरुवात पंचवटी, भद्रकाली, सरकारवाडा आणि आडगाव या पोलीस ठाण्यांपासून करावी. गर्दी तिथेच येणार आहे आणि महामार्गही तिथूनच जातो. शिकवायला माणसं कमी पडत असतील तर आमच्या विभागातल्या सिस्टर आपापल्या पाळ्या सांभाळून यायला तयार आहेत, मानधन नको. पोलीस आयुक्तालयाकडून तारीख आणि जागा कळवायला सांगावं, पुतळे आम्ही घेऊन येऊ.

आपली नम्र,
अपघात विभागातली एक सिस्टर, नाशिक