नानांना रानात नेलं, त्याबद्दल

डेन्व्हर, नोव्हेंबर

प्रिय सुधीर,

तुझा निरोप ऐकला. ‘75 वर्षांच्या माणसाले बर्फात नेतात काय बे?’ हाच प्रश्न आईलाही पडला होता. तिने तो विचारलाही नाही, सरळ फोन ठेवला. वडिलांना मी इथे कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे एका मोठ्या हरणाच्या, शिकारीला सोबत का नेलं, ते तुला सविस्तर लिहितो, कारण नाना परतवाड्याला पोचले की त्यांच्या तोंडून ऐकशीलच, आणि त्यात घोडा थोडा जास्त उंच असेल.

आजोबांची परवान्याची बाराबोअर बंदूक तुला आठवत नसेल, आपल्या जन्माआधीच ती गेली. शूटिंग ब्लॉकचा, म्हणजे शिकारीला नेमून दिलेल्या जंगलाचा, पास काढून ते मेळघाटात जायचे आणि कॉलेजातले नाना मागे थर्मास धरून. 1972 चा वन्यजीव कायदा आला, लगेच मेळघाटात व्याघ्रप्रकल्प झाला आणि ते सगळं संपलं. कायदा बरोबरच होता, उलट उशिरा आला, असं नाना आजही म्हणतात. पण नंतर त्यांनी रान पाहिलं ते जिप्सीत बसून, गाईड सांगेल तिकडे मान वळवत. तिथल्या कोरकू आदिवासींच्या मागे चालून खूर वाचायला शिकलेला हा माणूस पन्नास वर्षं नुसता बसून होता. मी शिकार इथे येऊन शिकलो, तीही यूट्यूबवरून. त्यांचं शिकलेलं मला एकदा बघायचं होतं. बाकी कारणं लोकांना सांगायला.

बंदूक त्यांच्या हातात नव्हती, हे आधी आईला सांग. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक धरायची तर शिकारीचा परवाना लागतो, आणि 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला कोलोरॅडोत परवान्याआधी हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या कोर्सचं, कार्ड लागतं. नाना 1950 चे. “मले शिकवतेत का हे?” म्हणाले आणि विषय मिटला. नारिंगी कपड्यांवर मात्र रोज वाद. रायफलच्या हंगामात शिकाऱ्याने कमरेच्या वरच्या अंगावर किमान 500 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी घालायचं, डोक्यावर टोपीही त्याच रंगाची. सोबत्यांना सक्ती नाही, पण मी त्यांना तसंच घातलं. हरणांना हा रंग आपल्यासारखा दिसत नाही हे सांगून पाहिलं. “मग माणसायलेच दिसते ना? बरं, दे.”

आम्ही गेलो पश्चिमेकडच्या फ्लॅट टॉप्सला. तिथला बराच भाग 1964 च्या विल्डरनेस कायद्याखाली येतो, म्हणजे इंजिनच काय, सायकलही न्यायची नाही. जायचं ते पायी नाहीतर घोड्यावर. मी परवानाधारक माणसाकडून ड्रॉप कॅम्प घेतला: तो घोड्यावरून आत सोडतो, तंबू आणि लाकडाची शेगडी तयार असते, ठरलेल्या दिवशी न्यायला येतो. महाग पडलं, पण वडील सोबत असताना पाठीवर ओझं घेऊन चढायचा हट्ट मला मूर्खपणाच वाटतो.

तू भाऊंना लेहला न्यायचं म्हणतोस, म्हणून थोडं तब्येतीचं. डेन्व्हर 1600 मीटरवर, कॅम्प 2700 च्या वर. नाना आधी माझ्याकडे निवांत राहिले, मग वाटेत मीकर गावी मुक्काम केला. त्यांच्या बीपीच्या गोळीने लघवी जास्त होते, हवा कोरडी, थंडीत तहान लागत नाही. ते डॉक्टरांना आधीच विचारून घेतलं. रात्री उणे तापमानात तंबूबाहेर जाणं हा खरा धोका, म्हणून रुंद तोंडाची बाटली. पहिल्या रात्री नाक मुरडलं, दुसऱ्या रात्री ‘माझी बाटली कुठाय?’ चढ त्यांना जमतो, उतारावर गुडघे बोलतात. दोन काठ्या दे. आणि झोपायला खाट हवीच, जमिनीवरून उठण्यातच अर्धा जीव जातो.

रानात मात्र मी त्यांच्या मागे. ते शेगडीतली गार राख फडक्यात बांधून घ्यायचे आणि जनावराला आमचा वास जाऊ नये म्हणून दर थोड्या वेळाने झटकून वारा बघायचे. सकाळी थंड हवा उतारावरून खाली येते, ऊन तापलं की वर चढते, हे मी वाचलं होतं. ती उलटते कधी, हे त्यांना कानाला कळायचं. तेवढ्यापुरतं थांबायचं, बसायचं, मग वाट बदलायची. लेंड्या बोटांनी फोडून “रातच्या आहेत” म्हणणारा माणूस मी घरात कधी पाहिला नव्हता.

एकदा संध्याकाळी समोरच्या दरीच्या तळाशी एक नर निघाला. एल्क म्हणजे सांबराच्याच कुळातला, पण वजन तीनशे किलोच्या घरात. माझ्याकडे टॅग, म्हणजे परवाना, नराचाच, अंतर आवाक्यात, मी रायफल टेकवली. नाना कानाशी म्हणाले, “मारशील तू. वर आणन कोण?” प्रश्न बरोबर होता. खाण्याजोगं मांस रानात टाकणं इथे गुन्हा आहे, आणि ते मांसच नव्वद-शंभर किलो भरतं. त्यांच्या काळी आठ-दहा माणसं बांबूला सांबर बांधून आणायची. इथे मी, माझी पाठ, अंधार आणि काठ्या धरलेले नाना. मी बार टाकला नाही. रागही आला, खोटं कशाला बोलू. वर्षभर वाट पाहिली होती. जेवताना मी गप्प, ते मात्र खुशीत आजोबांच्या गोष्टी सांगत होते.

परतताना त्यांनी विचारलं, इथे एवढी जनावरं आली कुठून? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळपास संपलेच होते, वायोमिंगहून आणून सोडावे लागले. आज अडीच लाखांच्या वर आहेत आणि परवान्यांचा पैसा त्यांच्याच देखभालीला लागतो. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपल्याकडं मोजले कोणी?” मला ते थोडं अन्यायाचं वाटलं, कारण वाघामुळे सांबरही वाचलंच. वाद अजून चालू आहे, तू भर घाल.

आता कामाचं. पुढच्या हंगामाचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात आणि नानांना यायचंय. ते कार्डही काढणार म्हणतात, तो कोर्स ते इंग्रजीत करतायत म्हणे. त्याआधी त्यांची हृदयाची स्ट्रेस टेस्ट करून घ्यायचीय, अमरावतीला. मी सांगितलं की टाळतात. तू गाडी घेऊन जा, चहाच्या निमित्ताने बसव आणि थेट ने. आईला रिपोर्ट आल्यावरच सांग.

भाऊंना नमस्कार. लेहचं ठरलं की कळव.

तुझा,
मिलिंद