सवलतीचा हिशोब कोणत्या फाइलमध्ये?

महोदय,

अभियांत्रिकी आणि एमसीएच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा जवळ आली आहे. बहुतेक अहवालांत एक वाक्य ठरलेले असते: 'प्रस्तुत प्रणालीत एमव्हीसी रचना वापरली आहे.' एमव्हीसी म्हणजे कोडची तीन भागांत विभागणी: मॉडेल माहिती आणि नियम सांभाळते, व्ह्यू ते पडद्यावर दाखवतो आणि कंट्रोलर विनंती घेऊन दोघांना जोडतो. वाक्याखाली तीन चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. कोड उघडला की मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर असे तीन फोल्डरही दिसतात. पण कोणता कोड कुठे लिहिला आणि का, हे विचारले की उत्तर अडते. शिकवतानाच हा भाग निसटतो, म्हणून हे पत्र.

घोळ त्या आकृतीपासूनच सुरू होतो. ही कल्पना नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेसाठी मांडली. वेब तेव्हा जन्मालाही आले नव्हते. एकाच संगणकावर मॉडेल बदलले की व्ह्यूला तशी वर्दी जाई आणि व्ह्यू पडद्यावरचे चित्र नव्याने काढी. मॉडेलकडून व्ह्यूकडे जाणारा पुस्तकातला बाण तिथला आहे. सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या साध्या वेब ॲप्लिकेशनमध्ये ब्राउझर मागतो, सर्व्हर पान पाठवतो आणि व्यवहार संपतो. नंतर डेटाबेसमध्ये काही बदलले तरी उघडे पान तसेच राहते. मुले तो बाण इमानाने काढतात आणि 'हा कशासाठी?' म्हटले की गप्प होतात. यात मुलांचा दोष नाही. जँगो ही वेब ॲप्लिकेशनची तयार चौकट वापरणाऱ्यांची तर आणखी पंचाईत, कारण तिथे 'व्ह्यू' बहुतांशी कंट्रोलरचे काम करतो आणि खरा व्ह्यू म्हणजे टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा. नावापेक्षा काम पाहावे.

नगरपालिकेची घरपट्टी ऑनलाइन भरण्याचे ॲप्लिकेशन घेऊ. बिल ८,४०० रुपये, ३० जूनपर्यंत भरल्यास १० टक्के सवलत. मालमत्ता क्रमांक १०४२चे बिल मागणारी विनंती आली की राउटर, म्हणजे विनंत्यांची वाटणी करणारा भाग, तिचा पत्ता आणि पद्धत पाहून ती नेमक्या कंट्रोलरकडे धाडतो. कंट्रोलरने लॉगिन तपासावे, १०४२ हा क्रमांक उचलावा, मॉडेलला 'आज या मालमत्तेचे देणे किती?' एवढे विचारावे आणि उत्तर व्ह्यूच्या हाती द्यावे. असा क्रमांकच नसेल तर ४०४ (‘सापडले नाही’ हा संकेत) पाठवणे हेही त्याचेच काम. सगळे मिळून दहा-पंधरा ओळी. ८,४०० मधून ८४० वजा करायचे की नाही, हे ठरवणार मॉडेल. व्ह्यूने ७५६० ला स्वल्पविराम आणि रुपयाचे चिन्ह लावावे, आणि मालकाचे नाव एस्केप करून, म्हणजे त्यातली खास चिन्हे निव्वळ मजकूर ठरतील अशी बदलून, छापावे. तसे केले नाही, तर नावाच्या रकान्यात कोणी लिहिलेली स्क्रिप्ट बिल पाहणाऱ्या कारकुनाच्या ब्राउझरमध्ये चालू होते.

प्रत्यक्षात काय होते? वेळ कमी असतो, टेम्प्लेट समोर उघडेच असते, तिथेच रकमेला ०.९ ने गुणले जाते. पडद्यावर ७,५६० दिसतात. पावती तयार करणारा कोड वेगळ्या फाइलमध्ये, त्याला सवलतीचा पत्ताच नाही, म्हणून पावतीवर ८,४००. मग तिथेही ०.९ लिहायचे, एसएमएसच्या कोडमध्येही लिहायचे. पुढे मुदत ३१ जुलैपर्यंत वाढली की तिन्ही जागा शोधा, आणि एक हमखास राहते. तारखेचा घोटाळा आणखी बारीक आहे. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर आपल्याकडे १ जुलैला पहाटे साडेपाच वाजेपर्यंत त्याच्या लेखी ३० जूनच चालू असतो. नियम मॉडेलमधल्या एकाच फंक्शनमध्ये असेल, तर ही चूक एका जागी सापडते आणि एका जागी दुरुस्त होते. शिवाय तारीख बाहेरून देऊन ते फंक्शन ब्राउझर न उघडता तपासता येते.

रक्कम फॉर्मच्या लपवलेल्या रकान्यातून परत घेऊन तीच खरी मानणे हा तर सरळ धोका आहे. ब्राउझरमध्ये तो आकडा कोणीही बदलून १ करू शकतो. पैसे स्वीकारताना मॉडेलने रक्कम पुन्हा स्वतः काढलीच पाहिजे.

पैसे जमा झाल्यावर कंट्रोलरने तिथल्या तिथे पावतीचे पान दाखवू नये. ३०३ (‘दुसऱ्या पत्त्यावर पाहा’ हा संकेत) देऊन ब्राउझरला पावतीच्या पत्त्यावर वळवावे, नाही तर रीफ्रेश केल्यावर तोच फॉर्म पुन्हा जाऊ शकतो. बटण दोनदा दाबले गेले तर मात्र एवढ्याने भागत नाही. त्यासाठी फॉर्म दाखवतानाच व्यवहार क्रमांक द्यावा आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा न स्वीकारण्याची अट, घालावे.

वेगाची तक्रार बहुधा व्ह्यूमधूनच येते. ५० मालमत्तांची यादी छापताना लूपमध्ये प्रत्येकीच्या मालकाचे नाव मागितले, तर यादीची एक आणि नावांच्या ५० अशा ५१ क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) जातात. घरी दहा नोंदींवर हे जाणवत नाही. मालकांची नावे मॉडेलकडून आधीच एकत्र मागवली, तर एक-दोन क्वेरींत काम होते. लारावेल, रेल्स, जँगो या तिन्ही वेब चौकटींत त्याची सोय आहे.

परीक्षकांना एक विनंती. एमव्हीसीची व्याख्या विचारू नका. विद्यार्थ्याला संगणकावर बसवा, सवलत १० टक्क्यांवरून ५ करायला सांगा आणि किती फाइली उघडाव्या लागल्या ते मोजा. मग त्याच बिलांची थकबाकी रात्री आपोआप काढणारा छोटा प्रोग्राम लिहायला सांगा. त्यासाठी कंट्रोलरमधला कोड उचलून चिकटवावा लागला, तर नियम चुकीच्या जागी होता हे त्याला तिथेच, स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

– एक संगणक अभियंता, पुणे