सामील आणि विलीन

महोदय,

संस्थानांवरील लेखांत ‘अ‍ॅक्सेशन’ आणि ‘मर्जर’ या दोन्ही शब्दांसाठी सरसकट ‘विलीनीकरण’ लिहिले जाते. ही चूक फार खटकते. अ‍ॅक्सेशन म्हणजे सामील होणे. सामीलनाम्यावर सही करून संस्थानिकांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढे तीनच विषय भारत सरकारकडे सोपवले. गादी, दरबार, न्यायालये, महसूल सगळे त्यांच्याकडेच राहिले. मर्जर झाले तेव्हा मात्र संस्थान नकाशावरूनच गेले.

आमच्या घरी पणजोबांच्या ट्रंकेत १९४८ सालचे शेताचे खरेदीखत आहे. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय, पण करवीर सरकारचा शिक्का अजून स्पष्ट वाचता येतो. देश स्वतंत्र होऊन वर्ष लोटले होते, तरी शिक्का दरबारचाच! कारण कोल्हापूर तेव्हा फक्त सामील होते. मुंबई प्रांतात ते विलीन झाले १ मार्च १९४९ रोजी. सांगली, मिरज, औंध, फलटण ही दक्षिणी संस्थाने त्याआधी, ८ मार्च १९४८ ला विलीन झाली होती. काश्मीरबाबत तर हा फरक फारच महत्त्वाचा. महाराजा हरिसिंह यांनी २६ ऑक्टोबर १९४७ रोजी सही केली ती सामीलनाम्यावर. विलीनीकरणाचा करार तिथे झालाच नाही.

‘सामीलनामा’ हा नेमका शब्द मराठीत असताना तो वापरावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर