जांघेला हातापायाचा वॅक्स नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाजी (अक्षय तृतीया) आली की खान्देशात लग्नांची घाई सुरू होते आणि पार्लरच्या ‘ब्रायडल पॅकेज’मध्ये बिकिनी वॅक्सिंगही, म्हणजे जांघेतले केस वॅक्सनं काढणंही, येतं. लाजेपोटी नवरी काही विचारत नाही, पार्लरवालीही आपणहून सांगत नाही. म्हणून हे पत्र.

हातापायाला लावतात तो मधासारखा वॅक्स पट्टीनं ओढला की केसाबरोबर कातडीलाही धरतो. जांघेतली कातडी पातळ आणि सैल, केस मात्र राठ. तिथं तोच वॅक्स वापरला तर वरचा पापुद्रा सुटतो आणि लालभडक, ओलसर डाग उरतो. या जागेला दाण्यांचा हार्ड वॅक्स लागतो. तो केसाला धरतो, कातडीला कमी चिकटतो आणि पट्टीशिवाय निघतो. दोन बोटं रुंद पट्टा केसाच्या वाढीच्या दिशेनं, नाण्याएवढा जाड लावायचा आणि पकडायला एका टोकाला थोडा जास्त ठेवायचा. बोटाला चिकटेनासा झाला, पण अजून रबरासारखा वाकतोय, तेवढ्यात एका हातानं कातडी ताणून उलट्या दिशेला, कातडीलगत आडवा ओढायचा. वर उचलून ओढला तर केस मधेच तुटतात आणि पुढे तेच कातडीखाली वळून पुटकुळ्या होतात. जास्त वाळला तर तुकडे पडतात. मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात तो लवकर घट्टच होत नाही आणि घामट कातडीवर केसाला धरत नाही, म्हणून आधी जागा पुसून चिमूटभर पावडर लावावी. वॅक्स किती गरम आहे ते करणारीनं स्वतःच्या मनगटावर पाहिल्याशिवाय जांघेला लावू नये. एका जागी दोनदापेक्षा जास्त ओढू नये. उरलेले चार केस चिमट्यानं काढावेत.

केस तांदळाच्या दाण्याएवढे हवेत, अर्धा ते एक सेंटिमीटर. लांब असतील तर कात्रीनं कापावेत. रेझर फिरवला असेल तर दोन-तीन आठवडे थांबावं. पाळीच्या आधीच्या दिवसांत काहींना दुखतं जास्त. पहिल्यांदा करणारीनं लग्नाच्या महिनाभर आधी एकदा करून बघावं, तेही फक्त अंतर्वस्त्राच्या कडेबाहेरचं, आणि लग्नाच्या वेळी हळदीच्या चार-पाच दिवस आधी उरकावं. नुकत्याच वॅक्स केलेल्या कातडीवर हळद-चंदन चोळलं की जळजळ ठरलेली.

वॅक्स लावायच्या काडीचं तर विचारायलाच हवं. एकदा कातडीला लागलेली काडी पुन्हा डब्यात बुडवली की तो डबा सगळ्यांचा झाला. केस उपटताना टाचणीच्या टोकाएवढं रक्त येऊ शकतं, आणि हीटरवरच्या कोमट वॅक्समध्ये जंतू मरत नाहीत. हर्पीस (पाण्याच्या फोडांचा संसर्ग), चामखीळ, पुवाच्या पुळ्या अशाच पसरू शकतात. आइस्क्रीमच्या काडीसारख्या लाकडी काड्या स्वस्त मिळतात. दर बुडवणीला नवी घ्यावी. नाहीतर एका बाईपुरता वॅक्स वेगळ्या कागदी कपात काढावा आणि उरलेला फेकावा. तो ‘वाया जातो’ म्हणून परत डब्यात ओतणाऱ्या पार्लरमधून उठून यावं.

आता नायट्याचं. आपल्याकडच्या घामामुळे जांघेत तो फार होतो आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मलम आणलं जातं. अशा अनेक मलमांत बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड असतं. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं दिसेल. खाज दोन दिवसांत थांबते, पण आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ होते आणि तिच्यावर वॅक्स ओढला तर फाटते. नायटा पूर्ण बरा होईपर्यंत आणि मलम सुटून कातडी पूर्ववत होईपर्यंत वॅक्सिंग बंद. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर गोळ्या संपल्यावरही सहा महिने नको. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा रक्त पातळ करण्याची औषधं असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

नंतरचे दोन दिवस सैल सुती कपडे, गार पाणी आणि साधी कोरफड जेल एवढं पुरे. गरम पाणी, पोहणं, परफ्यूम, शरीरसंबंध टाळावेत. बारीक लाल पुरळ एक-दोन दिवसांत बसतं. पू झाला, लाली पसरत गेली किंवा ताप आला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं, पार्लरमध्ये नव्हे. चौथ्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा ओल्या मऊ कापडानं हलकं चोळलं तर केस आत कमी वळतात. आत वळलेला केस सुईनं टोकरू नये, काळा डाग महिनोनमहिने राहतो.

आणखी एक. हे केस म्हणजे अस्वच्छता नव्हे. घर्षणापासून ते कातडीला वाचवतात. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तपासणीला जाण्यासाठी ते काढावे लागत नाहीत. नैसर्गिक बाळंतपणाआधी सरसकट केस काढण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. तेव्हा नवव्या महिन्यात केवळ दवाखान्यात लाज वाटेल म्हणून पार्लर गाठण्याचं कारण नाही.

– ब्युटी पार्लर प्रशिक्षण वर्गातील शिक्षिका, जळगाव